बॅगेत काय न्यायचं नाही, ते आधी ठरवा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. चार वर्षांपासून त्या हौसेने फोटो काढतात. सुट्टीच्या सकाळी रस्त्यांवर पायी भटकायचं आणि महिन्यातून एखादा दिवस डोंगरात, जंगलात किंवा पाण्याकाठी घालवायचा, असा त्यांचा शिरस्ता. सामान म्हणजे एक फुल-फ्रेम मिररलेस बॉडी (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा, लेन्सशिवाय), ३५ मिमीची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स आणि २४-७० व ७०-२०० या दोन झूम (आकडे मिलिमीटरमधले; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं). आतापर्यंत तीन बॅगा घेऊन झाल्या. पहिली एका खांद्यावर लटकवायची. तिने खांदा धरला. दुसरी ३० लिटरची कॅमेरा सॅक. तिच्यात सगळं मावतं, पण कॅमेरा बाहेर येईपर्यंत समोरचं दृश्य विस्कटलेलं असतं. तिसरी छोटी स्लिंग, म्हणजे एकाच पट्टीने छातीवरून तिरपी घालायची बॅग. तिच्यात मोठी झूम मावत नाही म्हणून ती कपाटात पडून आहे. त्या लिहितात, "रस्त्यावर आणि बाहेर, दोन्हीकडे चालेल अशी एकच बॅग सुचवा. आता पुन्हा चूक करायची नाही. आणि खरं सांगू का, पाठीला सॅक असली की सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटतं आणि मग मी कॅमेरा काढतच नाही."

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. बॅगेने खांदा दुखवला तर ती बदलता येते. बॅगेमुळे कॅमेराच बाहेर निघेनासा झाला, तर ज्यासाठी सकाळी लवकर उठून बाहेर पडता तेच राहून जातं. म्हणून कोणती बॅग घ्यायची याकडे मी जरा उशिराच येणार आहे. तेवढा धीर धरा.

तिन्ही बॅगा घेताना तुम्ही मनाशी एकच प्रश्न विचारला असणार: माझ्याकडचं सगळं यात मावेल का? स्लिंगबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तर तसंच दिसतं. मोठी झूम मावत नाही, एवढ्याच कारणासाठी ती कपाटात गेली. ती वापरायला कशी होती, खांद्यावर कशी बसायची, कॅमेरा पटकन निघायचा का, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. माप सामानाचं घेतलंत, चालण्याचं घ्यायचं राहून गेलं. हे बहुतेक सगळ्यांचंच होतं, माझंही झालं होतं.

तेव्हा पहिलं काम घरी बसून करायचं आणि त्याला खर्च शून्य. तुमच्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा काही नोंदी ठेवतो. तो फोटो कोणत्या लेन्सने, किती मिलिमीटरवर काढला हे त्यात असतं. फोटो सांभाळायची बहुतेक सॉफ्टवेअर लेन्सनुसार फोटो वेगळे करून दाखवतात. गेल्या सहा महिन्यांचे फोटो घ्या. रस्त्यावरचे एकीकडे, डोंगर-पाण्याचे दुसरीकडे. मग दोन्हीकडे बघा, कोणती लेन्स किती वेळा लागली. सगळे मोजू नका. जे तुम्ही ठेवलेत, कुणाला दाखवलेत, तेवढेच मोजा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रस्त्यावरच्या फोटोंत ७०-२०० ने काढलेले आणि मनात राहिलेले फोटो बोटांवर मोजण्याइतके निघाले. ती लेन्स मी वर्षभर पाठीवर वागवली होती. तुमची यादी वेगळी निघेल, निघू दे. कदाचित लांबून, माणसांना न बिचकवता टिपणं हीच तुमची रीत असेल आणि ७०-२०० हीच तुमची रस्त्यावरची लेन्स असेल. तसं असेल तर माझा पुढचा सल्ला तेवढ्यापुरता उलटा वाचा. पण अंदाजाने बोलू नका, नोंद बघून बोला.

दुसरं काम स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. तुमच्यासारखी मिररलेस बॉडी साधारण ६५० ते ७०० ग्रॅमची असते. २४-७० एफ/२.८ची, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, असेल तर ७०० ते ९०० ग्रॅम आणि ७०-२०० एफ/२.८ची असेल तर एक ते दीड किलो. ३५ची प्राइम छोटी असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास. ३० लिटरची चांगली पॅडिंगवाली सॅक रिकामीच दीड ते दोन किलो भरते, हे विकत घेताना फारसं कुणी बघत नाही. त्यात पाण्याची एक लिटरची बाटली, बॅटऱ्या, चार्जर, छत्री. बेरीज सहा किलोच्या आसपास जाते. आता नुसती बॉडी आणि ३५ काट्यावर ठेवा. साधारण एक किलो. तुमचा खांदा पहिल्या बॅगेने धरला असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, बॅगेचा दोष त्यात थोडा आणि बॅगेतल्या मालाचा जास्त. तीन-चार किलो एकाच खांद्यावर तीन तास लटकले तर पट्टी कितीही रुंद आणि मऊ असो, मान आखडणारच. एका खांद्याच्या बॅगेत दोन किलोच्या वर काही भरायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. त्याला शास्त्राचा आधार वगैरे नाही, माझ्या मानेचा आहे.

आता "एकच बॅग" या तुमच्या मागणीकडे येते. रस्ता आणि डोंगर या दोन ठिकाणी बॅगेकडून आपण जवळजवळ उलट अपेक्षा करतो. रस्त्यावर बॅगेने कॅमेरा चटकन द्यावा आणि परत घ्यावा, स्वतःकडे लक्ष वेधू नये, गर्दीत कुणाला लागू नये. डोंगरात तिने वजन कमरेवर घ्यावं, पाऊस-चिखल बाहेर ठेवावा, आणि पाणी, खाणं, जास्तीचा कपडा सांभाळावा. दोन्ही करणारी बॅग मिळतेच, दुकानं तशा बॅगांनी भरलेली आहेत. पण बहुतेक वेळा ती रस्त्यावर मोठी होते आणि डोंगरात पाठीला टोचते. तुमची ३० लिटरची सॅक याच हेतूने घेतलेली असणार.

रस्त्याची बॅग आधी बघू, कारण तिथे तुमचं जास्त अडलंय.

१९७० च्या दशकात जिम डोमके नावाच्या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची एक मऊ बॅग बनवून घेतली. तोवर कॅमेऱ्यासाठी कडक, खोक्यासारख्या पेट्या वापरण्याची पद्धत होती. त्याने पॅडिंग कमीत कमी ठेवलं, बॅग अंगाला लगटून बसेल अशी केली आणि हात आत घातला की न बघता लेन्स हाताला लागेल अशी कप्प्यांची रचना ठेवली. ती बॅग वृत्तछायाचित्रकारांमध्ये वर्षानुवर्षं चालली. सांगायचा मुद्दा एवढाच की, रोज ज्याचं पोट या कामावर होतं त्याने संरक्षणाआधी हाताची सोय बघितली.

मऊ बॅग म्हटल्यावर तुम्हाला पॅडिंगची काळजी वाटत असणार. पॅडिंग हवंच, पण ते कशापासून वाचवतं हे समजून घ्या. दाराच्या चौकटीला बॅग घासली, बाकावर जरा जोरात ठेवली, एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. माझी लेन्स पडली ती भरपूर पॅडिंगच्या सॅकमधून. दगडी पायऱ्यांवर बसून लेन्स बदलली, चेन अर्धी लावली, तेवढ्यात वर काहीतरी दिसलं म्हणून सॅक वरच्या हँडलने उचलून उठले. ३५ची लेन्स चेनच्या फटीतून निघाली आणि एकेक पायरी उतरत गेली. तो टक-टक आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या फिल्टरची कडी चेपली आणि फोकसची रिंग एका जागी अडायला लागली. त्या दिवसापासून बॅग जमिनीवर असेल तर चेन पूर्ण लावल्याशिवाय मी उठत नाही. तुमच्याही हाताला ही सवय लावा, ती कोणत्याही बॅगेसोबत विकत मिळत नाही.

रस्त्यासाठी चार ते सहा लिटरची, आडवी घालायची स्लिंग किंवा छोटी मेसेंजर (वरून झाकणाची, खांद्यावरची बॅग) पुरते. तीत लेन्स लावलेली बॉडी, एखादी दुसरी छोटी लेन्स, दोन बॅटऱ्या, पुसायचं फडकं. घेताना बघायच्या गोष्टी फार नाहीत, पण नेमक्या आहेत. झाकण तुमच्या अंगापासून बाहेरच्या दिशेला उघडतं की अंगाकडे, हे बघा. बाहेरच्या दिशेला उघडलं तर कॅमेरा काढताना झाकण हाताच्या वाटेत येत नाही. वेल्क्रो शक्यतो टाळा. शांत जागी, वाचत बसलेल्या माणसाच्या दहा पावलांवर वेल्क्रो उघडून बघा, तो वर बघणारच आणि तुमचा फोटो तिथेच संपला. चेन किंवा एका हाताने सुटणारं बक्कल बरं. पट्टी चालता चालता एका हाताने लांब-आखूड करता यायला हवी. चालताना बॅग पाठीशी घट्ट, फोटो काढताना ओढून पोटाशी, गर्दीत पूर्ण पुढे. हे दिवसातून पन्नास वेळा करायचंय, म्हणून पट्टीचं बक्कल दुकानात दहा वेळा सरकवून बघा. अडखळलं तर ती बॅग सोडा, बाकी सगळं कितीही आवडलं तरी.

स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट, कारण पुरुषांनी लिहिलेल्या परीक्षणांत ती फारशी येत नाही. स्लिंगची पट्टी छातीवरून तिरपी जाते. बॅग भरली की ती कुठे रुतते, सरकून मानेला घासते का, हे रिकामी बॅग घालून कळत नाही. मोठ्या सॅकच्या बाबतीत पट्ट्यांमधलं अंतर बरेचदा रुंद खांद्यांच्या मापाने असतं. अरुंद खांद्यांवरून त्या सुटतात आणि आपण दिवसभर नकळत खांदे उचलून धरतो. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकवता येणारा असेल तर हे बरंच सुधारतं.

आता त्या नजरांविषयी. बॅगेमुळे लोक बघतात, असं तुम्हाला वाटतं. थोडं खरं असेलही. चकचकीत, मोठं नाव छापलेली कॅमेरा सॅक दुरून ओळखू येते. साधी, मळकट रंगाची, कुठल्याही कामाची वाटेल अशी बॅग घेतली तर तेवढा भाग सुटतो. पण लोकांचं लक्ष वळतं ते बहुतेक हालचालीमुळे. एक माणूस थांबतो, सॅक उतरवतो, खाली बसतो, चेन ओढतो, दोन कप्पे चाचपतो, टोपण काढतो, उभा राहतो. एवढं सगळं झाल्यावर त्याच्याकडे कोण बघणार नाही? त्याऐवजी घरातून निघतानाच कॅमेरा हातात घ्या. मनगटाला पट्टा, कॅमेरा सुरू, लेन्सचं टोपण बॅगेत. हातात कॅमेरा असलेली बाई रस्त्यावर चालतेय, ही पहिल्या दोन मिनिटांत जुनी होणारी गोष्ट आहे. बॅग मग कॅमेरा लपवायची जागा राहत नाही, पाऊस आला किंवा हात दमला तर ठेवायची जागा होते. पहिल्या दिवशी अवघड जाईल. एकाच गल्लीत किंवा एकाच चौकात तासभर थांबा, फिरू नका; तासाभरात तिथली माणसं तुमच्याकडे बघणं सोडतात. आणि कुणी नाराजीने बघितलंच तर कॅमेरा खाली करून सरळ हसा, बोला. लगबगीने बॅगेत कोंबू नका, त्याने आपण काही चोरलंय असा भाव येतो.

डोंगराचं बघू. इथे माझं मत ठाम आहे: कॅमेरा सॅक घेऊ नका, ट्रेकिंगची नेहमीची चांगली सॅक घ्या आणि आत पॅडिंगवाला इन्सर्ट टाका. इन्सर्ट म्हणजे मऊ भिंतींचा, आत सरकवता येणारे पडदे असलेला डबा. कॅमेऱ्याचं सगळं त्यात बसतं आणि गरजेप्रमाणे तो कुठल्याही बॅगेत ठेवता येतो. पुष्कळशा कॅमेरा सॅकचा कमरपट्टा म्हणजे नुसती पट्टी असते. ती सॅकला डुलू देत नाही, पण भार उचलत नाही. ट्रेकिंग सॅकचा जाड कमरपट्टा कंबरेच्या हाडांवर बसतो आणि बराचसा भार खांद्यांवरून खाली उतरवतो. सॅकची लांबी तुमच्या पाठीच्या मापाची हवी. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत मोजायचं. हे माप उंचीवरून ठरत नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. जड वस्तू पाठीला लगटून आणि पाठीच्या मध्याशी येईल अशी ठेवा. इन्सर्ट तळाला टाकून दिला तर सॅक मागे ओढत राहते, म्हणून त्याच्या खाली जास्तीचा कपडा किंवा रेनकोट घाला.

चढताना कॅमेरा हाताशी हवा असेल तर सॅकच्या खांदापट्टीवर घट्ट बसणारी क्लिप मिळते, कॅमेरा तिच्यावर अडकतो आणि बोटाने सुटतो. छोट्या लेन्ससाठी ती फार सोयीची आहे. ७०-२०० तिच्यावर लावून खडकाळ वाटेने उतरू नका, ती झोके घेते आणि गुडघ्याला लागते.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जाहिरातीतल्या शब्दांवर भरवसा ठेवून पुष्कळांचं नुकसान झालंय. कापडाच्या पाटीवर ५००डी, १०००डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, घासायला टणक. पाणी अडवण्याशी त्याचा थेट संबंध नाही. पाणी अडतं ते कापडाच्या लेपामुळे आणि शिरतं ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून. पाणी झटकणारी बॅग सरीला तोंड देते, तासाभराच्या मुसळधार पावसाला नाही. सोबत येणारं रेनकव्हर समोरची बाजू झाकतं, पण मानेवरून पाठीवर उतरलेलं पाणी सॅकच्या पाठीकडच्या कापडात मुरत राहतं. म्हणून बाहेर रेनकव्हर असलं तरी आत इन्सर्टभोवती तोंड गुंडाळून बंद होणारी पातळ जलरोधक पिशवी घाला. साधी जाड प्लास्टिकची पिशवी घेतलीत तरी काम होतं.

थंड जागेतून एकदम उबदार, दमट हवेत आलात की काचेवर आणि क्वचित आतही बाष्प धरतं. आत येण्याआधीच कॅमेरा बॅगेत बंद करा आणि अर्धा-एक तास उघडू नका. बॅग इथे गोधडीचं काम करते. समुद्राकाठून परतलात की सगळं सामान काढून बॅग उलटी झटका, चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा.

आणि घरी आल्यावर लेन्स बॅगेतच ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. फोम ओल धरून ठेवतो. अंधार आणि दमट हवा मिळाली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, जाळ्यासारखी, आधी कडेला. लेन्स बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा, आत एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. बॅग उघडी करून वाऱ्यावर राहू द्या.

विमानाने जाणार असाल तर जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या सामानात देऊ नका, केबिनमध्ये जवळ ठेवा. तसा नियमच आहे.

मग घ्यायचं काय? तुमच्या जागी मी असते तर नवी बॅग घेतलीच नसती. तिसरी बॅग, ती स्लिंग, तुमच्याकडे आहेच. ती कपाटातून काढा, बॉडी, ३५ आणि एक जास्तीची बॅटरी घाला आणि चार सुट्ट्यांच्या सकाळी फक्त तेवढंच घेऊन जा. मोठी झूम घरी. पहिल्या सकाळी हात सारखा नसलेल्या लेन्सकडे जाईल, "ती असती तर" असं तीन-चारदा वाटेल. दर वेळी काय दिसलं होतं ते घरी येऊन लिहून ठेवा. चौथ्या सकाळीही तेच तेच दृश्य यादीत येत असेल, तर तुम्हाला खरोखर लांबची लेन्स हवीय आणि मग थोडी मोठी स्लिंग घेणं रास्त आहे. डोंगरासाठी घरात ट्रेकिंगची सॅक असेल तर फक्त इन्सर्ट घ्या. तो घेण्याआधी सॅकची आतली रुंदी आणि खोली टेपने मोजून घ्या, बाहेरच्या मापावर जाऊ नका. सॅक नसेल तर आधी सॅक, पाठीच्या मापाची. इन्सर्ट मिळेपर्यंत महिनाभर कॅमेरा जाड स्वेटरमध्ये गुंडाळून नेलात तरी बिघडत नाही.

आणि काहीही घ्यायला गेलात तरी रिकाम्या हाताने जाऊ नका, स्वतःचा कॅमेरा न्या. बॅगेत तो घाला, उरलेल्या वजनाइतकी पाण्याची बाटली किंवा पुस्तकं घाला, आणि दुकानात पंधरा मिनिटं चाला. खाली वाका, बसा, उठा, डोळे मिटून लेन्स काढून बघा. ऑनलाइन मागवलीत तर घरात हेच करा, पाटी न काढता.

३० लिटरच्या सॅकबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती आता रिकामी राहील. नुकती सुरुवात केलेलं कुणी ओळखीत असेल तर देऊन टाका. फक्त देण्याआधी आतल्या कापडावरून हात फिरवा. बऱ्याच बॅगांच्या आतला लेप काही वर्षांच्या दमट हवेत चिकट होतो आणि पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो. ते पापुद्रे लेन्सच्या मागच्या बाजूने आत शिरतात, सेन्सरपर्यंत जातात. हाताला चिकट लागलं तर ती कॅमेऱ्यासाठी देऊ नका. इतर सामानासाठी ती अजून पुष्कळ वर्षं चालेल.